चोंच आणि चारा

ज्यानें चोंच दिली तो चाराहि देईल, अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. संसाराच्या अडचणींत सांपडलेल्या मनुष्यास धीर देण्यासाठीं ती योजितात, आणि त्या कामीं ती चांगलीच आहे. परंतु म्हणीचे शब्द अक्षरशः घेऊन कोणी असें विचारलें कीं, चोंच आधीं कीं चारा आधीं, तर काय उत्तर द्यावें? प्राणिशास्त्राचें उत्तर मोठें चमत्कारिक आहे. चोंच चाऱ्याच्या मागोमाग जाते; चारा बदलला कीं कांहीं पिढ्यांत चोंचहि बदलते; आणि ही गोष्ट केवळ तर्कानें नव्हे, तर प्रत्यक्ष मापें घेऊन सिद्ध झालेली आहे. तीं मापें कोठें घेतलीं, कशीं घेतलीं, आणि त्या अवधींत किती पांखरांचे प्राण खर्ची पडले, हें आमच्या विद्यार्थी वाचकांस व त्यांच्या वडील मंडळींस सांगावें, असा आमचा हेतु आहे.

पक्ष्यास हात नाहींत. पुढचे दोन्ही अवयव उडण्याच्या कामीं गुंतल्यामुळें उचलणें, फोडणें, सोलणें, खणणें, घरटें बांधणें, पिलांस भरविणें हीं बहुतेक कामें त्यास एका चोंचीनें करावीं लागतात. चोंच म्हणजे आंत जबड्याचें हाड आणि त्यावर एक कठीण कवच. आपलीं नखें ज्या जातीच्या द्रव्याचीं बनतात त्याच जातीच्या द्रव्याचें हें कवच असतें, आणि नखांप्रमाणेंच तें झिजतें व पुन्हा वाढतें.

आपल्या आवतींभोंवतींच्या पांखरांकडे लक्ष देऊन पाहिलें, तर प्रत्येकानें आपल्या धंद्याचें हत्यार तोंडावर बाळगलेलें दिसेल. चिमणीची चोंच आंखूड, बुडाशीं जाड. दाणा सोलण्यास ती पुरेशी. पोपटाची आंकड्यासारखी वळलेली, कठीण कवचीचें फळ फोडणारी. खंड्याची लांब व सरळ, पाण्यांत सूर मारून मासा धरण्याजोगी. घारीची टोंकाशीं बांकलेली, मांस फाडण्याच्या उपयोगाची. सुतारपक्ष्याची तर खरोखरीचीच पटाशी. आणि जास्वंदीच्या फुलांभोंवतीं भिरभिरणाऱ्या चिमुकल्या शिंजिराची चोंच इतकी बारीक व बांकदार, कीं ती फुलाच्या तळाशीं असलेल्या मधापर्यंत सहज पोंचावी. ठाण्याच्या खाडींत हिवाळ्यांत अग्निपंख पक्ष्यांचे थवे उतरतात, त्यांचा प्रकार तर सर्वांहून विचित्र. ते आपली बांकडी चोंच पाण्यांत उलटी धरतात, आणि तिच्या कडांस असलेल्या बारीक दांत्यांनीं चिखलपाणी गाळून त्यांतील सूक्ष्म जीव व शेवाळ तेवढें खातात.

आतां प्रश्न असा कीं, हें हत्यार आणि हा धंदा यांची गांठ कशी पडली?

पुष्कळांच्या मनांत याचें एक सोपें उत्तर असतें. पक्ष्यानें प्रयत्न केला, चोंच वापरून वापरून ती लांब किंवा जाड झाली, व ती तशीच पिलांस मिळाली! फ्रान्समधील लामार्क या विद्वानानें १८०९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत सर्व प्राण्यांविषयीं अशाच तऱ्हेचा विचार मांडला होता. तो विचार मनास गोड वाटतो, कारण त्यांत श्रमाचें फळ मिळतें. पण सृष्टींत तसें घडत नाहीं. आपल्या देशांत शेंकडों पिढ्या मुलांचे कान टोंचीत आले आहेत, तरी एकहि मूल टोंचलेले कान घेऊन जन्मास येत नाहीं. लोहाराचे बाहु घणाच्या घावांनीं पुष्ट होतात, पण त्याच्या तान्ह्या मुलाचे बाहु इतर मुलांसारखेच मऊ असतात. देहानें आयुष्यांत जें कमाविलें तें, अशा प्रकारें, देहाबरोबरच जातें. मग चोंच बदलते कशी?

येथें कांहीं पालकांच्या मनांत अशीहि शंका येईल, कीं मिशनच्या शाळेच्या वार्षिकांत हा विषय कसा शोभतो? त्यांस आम्ही एवढेंच सांगतों कीं, ज्या चार्ल्स डार्विनच्या नांवानें हा विचार ओळखला जातो तो केंब्रिज येथें धर्मोपदेशक होण्याच्या उद्देशानें शिकत होता. त्यास जहाजावर जागा मिळावी म्हणून शिफारस करणारे हेन्स्लो हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक स्वतः धर्मोपदेशक होते. आणि आईबापांचे गुण संततींत कोणत्या नियमानें उतरतात हें मठाच्या बागेंत वाटाणे पेरून शोधून काढणारे ग्रेगोर मेंडेल हे तर मठवासी साधु होते. त्यांचा निबंध १८६६ मध्यें प्रसिद्ध झाला. श्रद्धेचा प्रश्न श्रद्धेच्या जागीं राहूं द्या. येथें आपणांस पांखरें मोजावयाचीं आहेत.

दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून पश्चिमेस सुमारें ६०० मैलांवर, पॅसिफिक महासागरांत, ऐन विषुववृत्तावर गॅलापागोस नांवाचा द्वीपसमूह आहे. तो एक्वादोर देशाच्या ताब्यांत आहे. हीं बेटें समुद्राच्या तळांतून उफाळून आलेल्या ज्वालामुखींचीं बनलेलीं असून तीं मुख्य भूमीस कधींहि जोडलेलीं नव्हतीं. म्हणजे तेथें जें जें जिवंत आहे त्याचे पूर्वज वाहत, पोहत किंवा उडत बाहेरूनच आले, अथवा मागाहून माणसानें आणले. १८३५ च्या सप्टेंबर महिन्यांत 'बीगल' नांवाचें इंग्रजी जहाज किनाऱ्यांचे नकाशे करीत करीत या बेटांपाशीं आलें. त्यावर डार्विन होता. त्याचें वय त्या वेळीं २६ वर्षांचें. पांचएक आठवड्यांच्या मुक्कामांत त्यानें दगड, वनस्पति, सरडे व पक्षी यांचा मोठा संग्रह केला. त्यांत फिंच जातीच्या कांहीं लहानशा, दिसण्यांत अगदीं सामान्य, काळ्या-करड्या पांखरांचीं कातडीं होतीं.

या पांखरांच्या चोंची पाहतांच डार्विनला आपला सिद्धान्त सुचला, अशी एक गोष्ट पाठ्यपुस्तकांतून वारंवार सांगतात. गोष्ट सुंदर आहे, पण खरी नाहीं. त्या चोंची एकमेकींपासून इतक्या भिन्न होत्या कीं, यांतील कांहीं पक्षी निराळ्याच कुळांतील आहेत असें त्यास वाटलें, आणि कोणतें पांखरूं कोणत्या बेटावर मिळालें याची नोंदहि त्यानें नीट ठेविली नाहीं. लंडनमधील पक्षिशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांनीं १८३७ च्या आरंभीं तीं कातडीं तपासून सांगितलें कीं, हीं सर्व पांखरें एकमेकांचीं जवळचीं नातलग आहेत. मग डार्विनची धांदल उडाली. जहाजाचे कप्तान फिट्झरॉय व इतर सोबती यांनीं आपापल्या संग्रहांवर चिठ्या लावल्या होत्या. त्या मागवून त्यास बेटांचा हिशेब जुळवावा लागला. नमुन्यावर तारीख व ठिकाण लिहिण्याचा कंटाळा करणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनीं ही हकीकत ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. १८५९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या डार्विनच्या सुप्रसिद्ध ग्रंथांत या फिंचांच्या चोंचींचें विवेचन नाहींच.

या फिंचांच्या आज सतरा-अठरा जाति मानतात. त्यांचे पूर्वज वीस-तीस लक्ष वर्षांपूर्वीं अमेरिकेच्या भूमीवरून उडत किंवा वादळांत सांपडून तेथें आले असावेत. त्या वेळीं बेटांवर पुष्कळ धंदे मोकळे होते. नव्या वसाहतींत उतरलेल्या एकाच कुटुंबांतील भावांनीं एकानें सुतारकी, दुसऱ्यानें कुंभारकी पत्करावी, तसें या पांखरांच्या वंशजांचें झालें. मात्र तें निवडीनें नव्हे, तर पुढें सांगितलेल्या कठोर मार्गानें. एका जातीची चोंच अडकित्त्यासारखी अवजड. ती कठीणांत कठीण बीं फोडते. दुसरीची लांब व अणकुचीदार; ती फड्या निवडुंगाचीं फुलें व गर खाते. तिसरीची चिमट्यासारखी बारीक, किडे टिपणारी. एक जात झाडांच्या खोडांतील अळ्या काढते, पण तिला सुतारपक्ष्यासारखी लांब जीभ नाहीं. म्हणून ती निवडुंगाचा कांटा किंवा काडी चोंचींत धरून भोंकांत घालते व अळी टोंचून बाहेर आणते. आणि उत्तरेकडच्या दोन उजाड बेटांवरील एक जात टंचाईच्या दिवसांत मोठ्या समुद्रपक्ष्यांच्या पिसांच्या मुळाशीं तीक्ष्ण चोंचीनें टोंचून चक्क त्यांचें रक्त पिते!

चोंच व चारा यांचा हा मेळ पहिल्यानें नीट उलगडून दाखविला तो डेव्हिड लॅक यांनीं. हे इंग्लंडांतील एका शाळेंत जीवशास्त्र शिकवीत असत. १९३८-३९ मध्यें ते गॅलापागोसला गेले, आणि १९४७ सालीं त्यांनीं या फिंचांवर पुस्तक प्रसिद्ध केलें. शाळामास्तरांच्या हातून असेंहि काम होतें, हें नमूद करतांना आम्हांस थोडा अभिमान वाटल्यास वाचक क्षमा करतील. परंतु लॅक यांच्या वेळीं सर्वांचीच समजूत अशी होती कीं, असे बदल घडण्यास हजारों वर्षें लागत असल्यामुळें ते प्रत्यक्ष पाहणें मनुष्याच्या आयुष्यांत शक्य नाहीं.

तें शक्य करून दाखविलें पीटर ग्रँट व रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ पतिपत्नींनीं. गॅलापागोसमध्यें डॅफ्नी मेजर नांवाचें एक चिमुकलें बेट आहे. क्षेत्रफळ सुमारें ८५ एकर, मधोमध ज्वालामुखीचें मुख, कडेनें उभे कडे. गोडें पाणी नाहीं, मनुष्यवस्ती नाहीं. १९७३ पासून सुमारें चाळीस वर्षें हें दांपत्य व त्यांचे शिष्य दरवर्षीं तेथें तंबू ठोकून राहिले. बारीक जाळ्यांत एकेक पांखरूं धरावयाचें, त्याच्या पायांत रंगीत कडीं अडकवावयाचीं, चोंचीची लांबी, रुंदी व जाडी मोजावयाची, आणि सोडून द्यावयाचें. आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेंत असतात तशाच कॅलिपरांचें तें काम. त्या बेटावरील मध्यम आकाराच्या भूफिंचांपैकीं बहुतेक प्रत्येक पांखरूं, त्याचे आईबाप व त्याचीं पिलें त्यांस ओळखूं येऊं लागलीं.

१९७७ सालीं पाऊस पडला नाहीं. आदल्या वर्षीं पावसाळ्यांत १२७ मिलिमीटर पडला होता. या वर्षीं अवघा २४. हिरवा पाला सुकला, किडे नाहींसे झाले. पांखरांनीं प्रथम मऊ व बारीक बिया वेंचून संपविल्या. मग जमिनीवर उरलीं तीं मुख्यतः मोठीं, कठीण बियाणें. त्यांतलें एक आपल्या ओळखीचें आहे. दख्खनच्या माळावर अनवाणी चालणाऱ्याच्या पायांत भसकन् शिरणारा सराटा सर्वांस ठाऊक आहेच; त्याचाच एक भाऊबंद डॅफ्नीवर उगवतो. त्याचें फळ कांटेरी, लांकडासारखें टणक, आणि आंत दाणे थोडे. तें फोडण्यास चोंच जाड लागते. अर्धा मिलिमीटर जाडी कमी पडली, तर तासन् तास धडपडूनहि पांखराच्या पदरीं कांहीं पडत नाहीं.

त्या वर्षीं या फिंचांचीं पिलें झालींच नाहींत. आणि दीड वर्षाच्या अवधींत त्यांच्यांतील शंभरांपैकीं सुमारें पंचाऐंशी पांखरें मेलीं.

पुन्हा पाऊस आल्यावर उरलेल्या पांखरांचीं मापें पूर्वीच्या मापांशीं ताडून पाहिलीं, तेव्हां वांचलेल्यांच्या चोंचींची सरासरी जाडी दुष्काळापूर्वींच्या सरासरीहून सुमारें अर्ध्या मिलिमीटरनें अधिक भरली. येथें विद्यार्थ्यांनीं क्षणभर थांबून विचार करावा. एकाहि पांखराची चोंच वाढली नव्हती. वर्गांतील सर्व ठेंगणे विद्यार्थी एके दिवशीं गैरहजर राहिले, तर वर्गाची सरासरी उंची वाढते, पण हजर असलेल्यांपैकीं कोणीहि बोटभर देखील उंच झालेला नसतो. डॅफ्नीवर तसेंच झालें. फरक इतकाच कीं, तेथले गैरहजर पुन्हा कधीं हजर होणार नव्हते. सुपांत धान्य पाखडावें तसें दुष्काळानें त्या पांखरांस पाखडलें, मात्र सूप धरणारा कोणी नव्हता. बियांचा कठीणपणा हेंच सूप. यासच नैसर्गिक निवड म्हणतात.

पण एवढ्यानें काम संपत नाहीं. वांचलेल्यांची जाड चोंच पिलांस मिळाली नाहीं, तर पुढच्या पिढींत सर्व पूर्ववत् होईल. ग्रँट दांपत्यानें आईबापांचीं व पिलांचीं मापें जोडीनें ठेविलेलीं होतीं. त्यांवरून दिसून आलें कीं, जाड चोंचीच्या जोडप्यांचीं पिलेंहि सामान्यतः जाड चोंचीचींच होतात. आणि खरोखरच १९७८ मध्यें जन्मलेल्या पिलांच्या चोंची मोठीं झाल्यावर मोजल्या, तेव्हां त्या दुष्काळापूर्वींच्या सरासरीहून शेंकडा सुमारें चार टक्के जाड निघाल्या. लामार्कचें सांगणें व सृष्टीचा व्यवहार यांतील भेद येथें स्पष्ट होतो. श्रम करून चोंच कमाविली असें कोणाहि पांखराच्या बाबतींत झालें नाहीं. चोंच आधींच कमीअधिक होती. चाऱ्यानें कोण जगावें तेवढें ठरविलें.

मग चोंच अशीच जाड जाड होत जाणार काय? आम्हांस या सर्व इतिहासांत पुढचा भागच अधिक उद्बोधक वाटतो. १९८२-८३ मध्यें पॅसिफिक महासागराचें पाणी असाधारण तापलें. एल निन्यो या नांवानें ही घटना ओळखली जाते, आणि आपल्या मोसमी पावसावरहि तिचा परिणाम होत असल्यामुळें तिचें नांव आतां वर्तमानपत्रांतूनहि येतें. डॅफ्नीवर १९८३ सालीं १,३५९ मिलिमीटर पाऊस कोसळला. बेट वेलींनीं झांकून गेलें, सराट्याचे वेल त्यांखालीं गुदमरले, आणि जिकडे तिकडे बारीक बियांचे ढीग पडले. पुढें पुन्हा कोरडीं वर्षें आलीं, तेव्हां जमिनीवर चारा होता तो बारीक. जाड चोंचीच्या मोठ्या देहाच्या पांखरांस तो वेंचून पोट भरेना. आतां तीं अधिक मेलीं, आणि लहान चोंचीचीं वांचलीं. १९७७ मध्यें जो गुण जीवनदायी ठरला, तोच अवघ्या सात-आठ वर्षांनीं प्राणघातक झाला. उत्क्रांति म्हणजे पायरी पायरीनें वर चढत जाणें, अशी जी सर्वसाधारण कल्पना आहे ती या पांखरांच्या पुढें टिकत नाहीं.

शेजारी बदलला तरी चोंच बदलते, हेंहि याच बेटावर दिसलें. अडकित्त्यासारख्या चोंचीच्या मोठ्या भूफिंचांची एक लहानशी टोळी १९८२ च्या अखेरीस डॅफ्नीवर येऊन राहिली. तीं पांखरें वाढत वाढत शेंकड्यांत गेलीं. २००३ व २००४ सालीं पुन्हा अवर्षण झालें. १९७७ प्रमाणें या वेळींहि जाड चोंचीच्या मध्यम फिंचांनीं वांचावें, अशी कोणीहि अपेक्षा केली असती. पण सराटे फोडून खाण्यास आतां त्यांच्याहून बळकट शेजारी हजर होता, व त्यानें मोठ्या बिया संपविल्या. त्यामुळें मध्यम फिंचांतील जाड चोंचीचींच पांखरें अधिक मेलीं, आणि त्या जातीची चोंच लहान झाली. दुष्काळ तोच, बेट तेंच, परिणाम मात्र अगदीं उलट!

अलीकडे या मापनाच्या तळाशीं असलेलें कारणहि हातीं येऊं लागलें आहे. आईबापांकडून पिलांस मिळणाऱ्या आनुवंशिक घटकांस जनुक म्हणतात. २०१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत चोंचीच्या बोथट किंवा टोंकदार आकाराशीं एका विशिष्ट जनुकाचा संबंध आढळला. तोच जनुक मनुष्याच्या चेहऱ्याच्या घडणींतहि भाग घेतो. २०१६ मध्यें चोंचीच्या लहानमोठेपणाशीं निगडित असा दुसरा एक जनुक सांपडला, आणि नुकत्याच वर्णिलेल्या अवर्षणांत कोणतें पांखरूं जगलें व कोणतें मेलें, याच्याशीं त्या जनुकाच्या भिन्न रूपांचा संबंध लागला. मेंडेलचे वाटाणे व डार्विनचीं पांखरें यांची अशी गांठ पडली.

सर्वच बेटें डॅफ्नीसारखीं निर्जन नाहींत. तिच्या दक्षिणेस सांताक्रूझ नांवाचें मोठें बेट असून त्यावर गांव आहे. तेथें अकॅडमी बे या ठिकाणीं मध्यम भूफिंचांत एकाच जातींत मोठ्या चोंचीचीं व लहान चोंचीचीं अशीं दोन प्रकारचीं पांखरें असत, व मधल्या मापाचीं थोडीं. कठीण बिया एकांनीं खाव्यात, मऊ बिया दुसऱ्यांनीं, असा त्यांचा व्यवहार. मधल्यांचें कोठेंच धड भागत नसे. १९६० च्या सुमाराच्या मापांत हा भेद स्पष्ट होता. पुढें वस्ती वाढली, आणि मधल्या मापाचीं पांखरें वाढून दोहोंमधली दरी भरून निघाली. संशोधकांनीं २००६ सालीं याचें जें संभाव्य कारण सुचविलें तें फार साधें आहे. लोक अंगणांत पांखरांस तांदूळ टाकतात, आणि तांदूळ कोणत्याहि चोंचीनें खातां येतो. त्याच बेटावर गांवापासून दूर एल गारापातेरो येथें, जेथें पांखरांस तांदूळ टाकणारें कोणी नव्हतें, त्यांस दोन्ही चोंची अजून वेगवेगळ्या आढळल्या.